चाकू वाजवून मिटायचा

आमच्या घरात कपाटभर चाकू आहेत आणि टोमॅटो कापायचा झाला की तो हाताने फोडावा लागतो. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. माझ्या धाकट्या भावाने जन्मभर खिशात मावणारे घडीचे जुने चाकू जमवले आणि त्यातल्या एकालाही कधी धार लावू दिली नाही. धार लावली की पातं झिजतं आणि पातं झिजलं की चाकू गेला, असं त्याचं म्हणणं. स्वयंपाकघरात एक सुरी आहे, ती लोणीसुद्धा विचार करून कापते.

मी विधवा झाल्यावर त्याच्याकडे राहायला आले. त्याने लग्नच केलं नव्हतं. तो यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होता आणि मी शिंप्याच्या दुकानात कापड बेतायचे, म्हणजे दोघांचाही जन्म दुसऱ्याच्या चुका शोधण्यात गेला. आता दोघंही घरी. दोन खोल्या, एक गॅलरी आणि त्याच्या खोलीत ते कपाट. उथळ खणांचं, आत जाड लोकरी कापड घातलेलं. एक चाकू मात्र खिडकीत एकटा असतो, कारण त्याची मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची आहे. तिच्यातून म्हणे वाफ सुटते आणि शेजारच्या चाकूंना गंज चढतो. भाऊ रोज सकाळी त्याचा वास घेतो, आजाऱ्याचं अंग तपासावं तसा. त्याच्या गळ्यात काळ्या बुटाच्या नाडीला अडकवलेलं एक भिंग कायम असायचं, म्हणून मित्रांनी त्याचं नाव भिंग्या ठेवलं होतं. मी त्याला त्याच्या नावानेच हाक मारते, पण ते इथे सांगून काही फायदा नाही, कारण गल्लीतही त्याला भिंग्याच म्हणतात.

मित्र तीन. एक बाइंडर, ज्याच्या कारखान्यात, म्हणजे पुस्तकं बांधायच्या खोलीत, दर रविवारी सकाळी ही मंडळी जमायची. दुसरा दातांचा डॉक्टर. तिसरा मेजर, जो सैन्यात कधीच नव्हता. टपाल कचेरीत शिक्के मारण्यात त्याची सगळी नोकरी झाली, पण मिशा आणि चाल अशी की लोक वाट सोडतात.

यांची एक रीत होती. कोणी नवा चाकू आणला की तो टेबलाभोवती फिरायचा. प्रत्येकाने उघडायचा, शिक्का बघायचा, मूठ बघायची, पातं हलवायचं आणि मिटून पुढे द्यायचा. चाकू खरा वाटला तर पातं सोडून द्यायचं, म्हणजे स्प्रिंग त्याला ओढून घेते आणि टक् असा आवाज होतो. याला ते 'वाजवणं' म्हणत. खोटा वाटला, म्हणजे नवा माल आम्लात बुडवून जुना केलेला किंवा दोन मोडक्या चाकूंचा एक केलेला, तर पात्याच्या पाठीवर तळहात ठेवून ते हळूच आत दाबायचं, आवाज न करता. तोंडाने 'खोटा' म्हणायचं नाही. कारण पूर्वी एकदा त्या एका शब्दावरून दोघांत असं वाजलं होतं की एकाने येणंच सोडलं. सगळ्यांचं झाल्यावर मालकाने "का?" विचारलं, तर मग हवं तेवढं भांडायला मोकळीक. आणि ते भांडायचे. भाऊ घरी यायचा तो घसा बसलेला आणि खूश.

मला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण गेल्या वर्षी त्याने मला एकाएकी शिकवायला सुरुवात केली.

"ताई, हा बघ. पात्याच्या मुळाशी, जिथे ते मुठीत जातं तिथे, शिक्का आहे. वाच बघू."

"मला काय करायचंय वाचून?"

"शिकून घे. नाहीतर मी गेल्यावर भंगारात विकशील सगळं."

मी भिंग घेतलं, वाचलं. बाणासारखी खूण, खाली तीन अक्षरं, त्यातलं मधलं झिजलेलं. तो म्हणाला, झिजलेलं अक्षर खालच्या बाजूने उघडं आहे की बंद? मी म्हणाले उघडं. तो म्हणाला, मग जुना शिक्का, पुढे त्यांनी बदलला. असं रोज चालायचं. मला रागही यायचा आणि खरं सांगायचं तर गोडीही लागली. कापड बेतणाऱ्या बाईला डोळा असतोच. जुन्या चाकूचा गंज काळसर असतो, मुरलेला, जागोजागी निराळा. मुठीवरच्या पिना हाडाबरोबर झिजून सपाट झालेल्या असतात, बोट फिरवलं तर लागत नाहीत. आत जिथे पातं दडलेलं असतं, तिथला मळ कोणी मुद्दाम भरू शकत नाही. हे सगळं मी शिकले आणि मनात म्हणाले, चला, या वयात भावाने आपल्याला काहीतरी दिलं.

मग एके दिवशी तो बाजारातून एक चाकू घेऊन आला. दोन पात्यांचा, शिंगाच्या मुठीचा. माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "रविवारी नेणार आहे हा. बघून ठेव, असा परत मिळत नाही."

मी बघितला. भिंगाची गरजच नव्हती. गंज नारिंगी आणि सगळीकडे सारखा, रंग दिल्यासारखा. पिना वर आलेल्या. उघडून आत डोकावले तर तळ लख्ख. माझ्यासारख्या वर्षभराच्या शिकाऊ बाईला जे दाराजवळ उभं राहून दिसत होतं, ते त्याला दिसलं नव्हतं.

"शिक्का वाच," तो म्हणाला. त्याने भिंग माझ्या हातात दिलं. स्वतः डोळ्याला लावलंच नाही. आणि तेव्हा मला आठवेना की त्याने ते शेवटचं स्वतःच्या डोळ्याला कधी लावलं होतं. वर्तमानपत्र तो हल्ली 'तूच वाच, तुझा आवाज चांगला आहे' म्हणून माझ्याकडून वाचून घ्यायचा. माझा आवाज चांगला नाही, हे अख्ख्या घराण्याला माहीत आहे. औषधांच्या बाटल्यांना त्याने रबरं गुंडाळली होती, एकीला एक, दुसरीला दोन. मी समजत होते तपासनिसाची टापटीप.

दुसऱ्या दिवशी तो अंघोळीला गेला असताना मी त्याच्या टेबलाचा खण उघडला नाही की कागद शोधले नाहीत. सरळ तो बाहेर आल्यावर विचारलं, "डोळ्यांना काय झालंय तुझ्या?"

तो टॉवेलने मान पुसत होता. "मधे डाग आहे. दोन्हीकडे. कडेचं सगळं दिसतं. तू दिसतेस, तुझं तोंड दिसत नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, वाढेल. सावकाश." मग म्हणाला, "टेबलावर कळलं तर मी गेलो. डोळे नसलेला माणूस शिक्के काय ओळखणार? बसू देतील, चहा देतील, आणि चाकू आला की पुढच्याला देतील. तू बोलू नकोस."

एवढं बोलून तो चाकूंचे खण पुसायला गेला. मला इतका राग आला की भांडी आदळून मी स्वयंपाकघर दणाणून सोडलं. म्हणजे वर्षभर हा मला शिकवत नव्हता, माझे डोळे वापरत होता. आणि तेवढंच वाईटही वाटत होतं. त्याला जगात दुसरं होतं काय? कारखाना सुटला, बायको-पोरं नाहीत, मी आहे ती बडबड करणारी. रविवारचं ते टेबल हेच त्याचं घर. आणि तिथे तो येत्या रविवारी, स्वतःच्या हाताने, शेंबड्या पोराने ओळखावा असा खोटा चाकू ठेवणार होता.

सांगायला पाहिजे होतं. रोज ठरवायचे. 'हा चाकू खोटा आहे' एवढंच वाक्य. पण ते बोलायचं म्हणजे 'तुला आता चाकूही ओळखता येत नाही' असंच बोलायचं, आणि हे ऐकण्याची त्याला किती भीती आहे ते मी त्याच्या त्या पुसण्यावरून बघत होते. शनिवारपर्यंत मी मूग गिळून बसले. शनिवारी म्हणाले, "उद्या मीही येते." मला वाटलं तो नाही म्हणेल. बायका कधी जात नसत तिथे.

"चल की," तो म्हणाला.

बाइंडरची खोली तळमजल्यावर. एका बाजूला पुठ्ठे रचलेले, दुसऱ्या बाजूला कागद कापायचं मोठं यंत्र, आणि हवेत सरसाचा वास. मधल्या टेबलावर जाड हिरवं कापड अंथरलेलं. मला बघून तिघंही उठले. मेजरने खुर्ची दिली. डॉक्टरने भावासमोरचं स्टूल पायाने बाजूला सरकवलं, अगदी सहज, तो अडखळू नये म्हणून. बाइंडरने चहा आणला, सगळ्यांपुढे कप ठेवले, आणि भावाच्या कपाचा कान मात्र फिरवून त्याच्या हाताकडे केला. तसं करताना तो बोलत होता मेजरशी, बघत होता खिडकीकडे.

माझ्या लक्षात आलं. यांना माहीत होतं. तिघांनाही. किती दिवसांपासून कोण जाणे. हा घरी माझ्यापासून लपवतोय, इथे यांच्यापासून लपवतोय, आणि हे लपवतायत की याचं लपवणं यांना कळलंय. चार म्हातारे आणि एवढा खटाटोप. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"काढ रे भिंग्या," मेजर म्हणाला. "आठवडाभर मिरवतोयस म्हणे."

भावाने खिशातून चाकू काढून कापडावर ठेवला. डॉक्टरने उचलला. त्याने उघडला आणि त्याचा चेहरा पडला. दात उपटायच्या आधी रोग्याला बघतात तसं त्याने चाकूकडे बघितलं, मग भावाकडे, मग बाइंडरकडे. बाइंडरने मान किंचित हलवली.

डॉक्टरने पातं सोडलं. टक्.

"छान आहे," तो म्हणाला.

बाइंडरने घेतला. त्याने शिक्का बघण्याचं नाटकही नीट केलं नाही, चष्मा कपाळावरच होता. टक्. मेजरने जरा वेळ लावला. नखाने एका पिनेवर टिचकी मारली, मिशांवरून हात फिरवला आणि खिडकीबाहेर बघत सोडून दिलं. टक्. आवाजही कसा, पत्र्याच्या डबीचं झाकण लागावं तसा. पण वाजवला तिघांनी. मला वाटलं, झालं. निभावलं. भावाची लाज राहिली, आपण चहा पिऊ आणि घरी जाऊ.

"ताईलाही द्या," भाऊ म्हणाला. "तिला आता कळतं."

मेजरने चाकू माझ्या हातात ठेवला आणि डोळ्यांनी मला असं काही विनवलं की तो माणूस मला त्या क्षणी पहिल्यांदा आवडला. मी पातं उघडलं. आत तो लख्ख तळ. अंगठा काढून घेतला की काम संपणार होतं. भाऊ माझ्याकडे तोंड करून बसला होता, मान जराशी तिरकी, म्हणजे माझं तोंड त्या डागाच्या बाहेर यावं अशी. तेव्हा मला कळलं की तो किती थकलाय.

आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या तिघांचा राग आला, इतक्या वर्षांचे मित्र आणि त्याला लहान पोराला खाऊ द्यावा तसा आवाज देतायत म्हणून. भावाचा राग आला. माझा आला, कारण मीही आठवडाभर तेच केलं होतं. दुकानात गिऱ्हाइकाचा खांदा उतरलेला असला तर मी तोंडावर सांगायचे, एक बाजू उतरलीय, तिथे भरावं लागेल. वाईट वाटायचं त्याला. पण कोट अंगावर नीट बसायचा. इथे चौघं मिळून त्याला भलत्याच मापाचा कोट चढवत होतो.

मी पात्याच्या पाठीवर तळहात ठेवला आणि ते हळूच आत दाबलं. आवाज झाला नाही. चाकू मी कापडावर भावापुढे ठेवला.

भावाने चाकू उचलला. आता मालकाची पाळी. त्याने उघडला, पातं अर्ध्यावर थांबवून हलवलं, मुठीवरच्या पिनांवरून बोट फिरवलं, आतला तळ नखाने खरवडून ते नख नाकाशी नेलं. मग त्यानेही तळहाताने दाबून तो मिटला. आवाज न करता.

"बाजारात हातात घेतला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "पिना बोटाला टोचतात. आम्लाचा वास अजून येतो. म्हणून तर घेतला."

मेजरने हात पुढे करून चाकू घेतला आणि पिनांवरून बोट फिरवलं.

"मला बघायचं होतं तुम्हाला कळलंय का, आणि कळलं असेल तर काय करता ते. तीन-चार महिने झाले, इथे माझ्याशी कोणी भांडत नाही. मी काहीही बोललो तरी हो. मेजर हो म्हणतो माझ्या बोलण्याला. मेजर." तो जरासा हसला. "डोळे गेलेत माझे. कान नाही गेले."

डॉक्टरने चष्मा काढून पुसायला घेतला. बाइंडर म्हणाला, "भिंग्या, अरे, आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं ते ऐकलं मी. तीनदा ऐकलं. तसंच वाजवायचं असेल तर मी घरी बसतो. घरी ताई आहे, ती तरी खरं दाबते."

माझ्याबद्दल इतकं चांगलं तो जन्मात बोलला नव्हता, आणि मला रडू आवरेना म्हणून मी चहाच्या कपात बघत बसले. चहा कधीच गार झाला होता.

बाइंडरने कप बाजूला सारले आणि मेजरला म्हणाला, "तुझाही होता ना आज? काढ."

"आता कशाला?"

"काढ म्हणतो ना."

मेजरने कोटाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेला चाकू काढला. एका पात्याचा, हाडाच्या मुठीचा, पिवळट पडलेला. डॉक्टरने बघून वाजवला. याचा आवाज निराळा होता, भरीव, खोलीभर गेला. बाइंडरने वाजवला. माझ्याकडे आला, मी भिंग लावून शिक्का बघितला, पिना बघितल्या, आतला मळ बघितला आणि वाजवला. भावाने घेतला. उघडला, अर्ध्यावर थांबवला, पुन्हा उघडला, कानाशी नेऊन हलवला. आणि दाबून मिटला.

मेजरच्या मिशा थरथरल्या. "का?"

"पातं बदललेलं आहे. अर्ध्यावर थांबतं तिथे ढिलं आहे. मूठ जुनी, पातं दुसऱ्याचं."

"हा चाकू माझ्या चुलत्याच्या खिशातला आहे. त्याच्याकडून थेट माझ्याकडे आलाय."

"मग तुझ्या चुलत्याने बदललं."

"भिंग्या, तुला काडीचं कळत नाही," मेजर म्हणाला, आणि म्हणून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो. त्याचा चेहरा एवढासा झाला. आम्ही सगळे भावाकडे बघायला लागलो.

भाऊ खुर्चीत पुढे सरकला आणि कोपरं टेबलावर रोवली. "मग सांग की, काय कळत नाही ते. स्प्रिंग बघ आधी. बघितलीस कधी नीट? शिक्के मारण्यात जन्म गेला तुझा, वाचलायस कुठे एक तरी?"

आणि जे सुरू झालं ते संपेना. मेजर टेबलावर मुठी आपटत होता. डॉक्टर मेजरच्या बाजूने, बाइंडर आधी भावाच्या, मग पलटला. डॉक्टर म्हणाला, ढिलं पातं म्हणजे बदललेलं, हे दाताला लागू नाही आणि चाकूलाही नाही. मी एवढंच म्हणाले, "तू चुकतोयस. मळ दोन्हीकडचा एकच आहे." तर भाऊ माझ्यावरच उलटला, "तू मधे बोलू नकोस, काल तर शिकलीस."

घरी निघालो तेव्हा त्याचा घसा बसला होता. रस्त्यावर आल्यावर त्याने माझा दंड धरला, न विचारता, न सांगता, जन्मभर धरत आल्यासारखा.

"मला वाटलं होतं तू मला शिकवतोयस," मी म्हणाले. "तू माझे डोळे वापरत होतास."

"वापरत होतो." थोडं चालल्यावर म्हणाला, "पण शिकलीस की नाही?"

जिन्याशी आलो. तो पहिल्या पायरीवर थांबला.

"ताई, मेजरचा शिक्का नीट वाचलास ना?"

"वाचला."

"तोच बाणाचा ना? मधलं अक्षर खालून उघडं होतं?"

"उघडं. आणि पात्याच्या मुळाशी जो झिजल्याचा चट्टा आहे, तसाच मुठीच्या आतही आहे. समोरासमोर. दोघं एकत्रच झिजलेत."

तो कठड्याला हात लावून विचार करत उभा राहिला. शेजारीण पिशवी घेऊन खाली उतरत होती, तिला वाट द्यायला आम्ही भिंतीला लागलो. ती गेली.

"म्हणजे मी चुकलो," तो म्हणाला, आणि इतक्या खुशीत म्हणाला की रस्त्यावर पोचलेल्या शेजारणीने वळून बघितलं. "मेजर आता महिनाभर सोडत नाही मला."

मग तो माझ्या दंडाला धरून जिना चढायला लागला. प्रत्येक पायरीवर त्याचं चालूच होतं, "पण ते पातं ढिलं होतं, ढिलं होतं एवढं नक्की."